सात नंबरची झाकणं

वाशीम स्टेशनाच्या मागच्या वस्तीत कस्तुराबाईचं घर विचारलं तर लोक डोकं खाजवत. डबेवालीचं विचारलं तर शेंबडं पोरही दारापर्यंत आणून सोडी. अंगणात डबे, चुलीमागे डबे, छपराच्या कवेलूंखालच्या आडव्या लाकडांवर डबे, आणि पावसाळा आला की शेळीला बाहेर हाकलून तिच्या जागी डबे. सगळे एकाच बेताचे, गोल, हातात मावतील असे, वरचं तोंड कापलेले. लढाईच्या दिवसांत संत्र्याचा रस भरून फौजेकडे जायचे, ते हे डबे. कोणी जुनी नाणी जमवतो, कोणी पितळेची भांडी. या बाईनं गंजका पत्रा जमवला आणि तोही माहेरच्या दागिन्यासारखा जपला.

तिचा नवरा उकंडा बर्माच्या लढाईतून परत येऊन बैलगाडी हाकायचा. त्या शांत माणसानं बायकोपुढे केव्हाच हात टेकले होते. "एखांद्या दिशी मलेच बाहेर निजा लागंन, पाहा," असं तो पाहुण्यांना सांगे. पण भाडं घेऊन मंगरूळकडे गेला की येताना स्वतःच एखादा डबा गाडीत टाकून आणी, आणि बायकोच्या हातात देताना मुद्दाम दुसरीकडे बघे.

गावाला हे खूळ वाटायचं. गावाचं काय जातं? पण खूळ नव्हतं ते, आणि त्याचं कारण आधीच सांगितलेलं बरं.

लढाईत स्टेशनाजवळ एका शेठनं रसाचा कारखाना काढला होता. बाया संत्री सोलायच्या, रस तापवून डब्यांत भरला जायचा, वर झाकण बसायचं. झाकणाला एक बारीक भोक असे. त्यातून वाफ निघून गेली की भोकावर कथलाचा थेंब टाकून ते बुजवायचं. या कामासाठी शेडमध्ये बाकं मांडलेली होती, दर बाकाला नंबर होता, आणि कारागीर आपल्या बाकाचा नंबर झाकणावर ठोकायचा. डबा गळला तर कान कोणाचा धरायचा हे कळावं, एवढ्यासाठी.

सात नंबरचं बाक शालिग्रामचं. तो कस्तुराबाईचा थोरला भाऊ. त्यांचा बाप गावोगाव गळक्या कंदील-बादल्यांना कथलाचा डाग देत हिंडायचा, आणि त्यानं मुलगा-मुलगी असा भेद न करता दोघांच्या हातात तापलं लोखंड दिलं होतं. शालिग्रामच्या डाव्या करंगळीचं एक पेर त्या शिकण्यातच गेलं. पण त्याचा डाग असा बसे, की भांडं फुटेल, डाग सुटणार नाही.

लढाईच्या शेवटल्या हंगामात शालिग्रामला हिवतापानं धरलं. एक दिवस बरा, एक दिवस गोधडीत. बाक रिकामं दिसलं तर दुसरा कोणी बसेल, म्हणून तापाच्या दिवशी कस्तुरा सोलणाऱ्यांच्या रांगेतून उठून सातव्या बाकावर जाऊन बसायची. मुकादमाला ते दिसे. पण वॅगन भरायची घाई होती आणि बाईचा थेंबही भावासारखाच गोल पडत होता, तेव्हा तो डोळेझाक करी. आपलं काम भावाच्या नावावर चढतं याचं तिला काही वाटलं नाही. तरी कोणतं कोणाचं हे दोघांना तरी कळावं म्हणून सातच्या आकड्याखाली ती टोच्यानं पाच ठिपके टोची. चार कोपऱ्यांना चार, मध्ये एक. तिच्या मनगटावर गोंदलेले होते, अगदी तसे.

आणि मग एक वॅगन परत आली. डबे फुगून ढोल झालेले, कित्येक फुटलेले, आंबलेल्या रसाच्या वासानं स्टेशनावर उभं राहवेना. फौजेच्या साहेबानं पाहिलं, तर फुगलेले सगळे सात नंबरचे. माल स्टेशनामागच्या नाल्यात उलटा केला आणि थोड्याच दिवसांत शेठनं कारखान्याला कुलूप घातलं. लढाई संपतच आली होती, कारखाना तसाही बंद व्हायचाच होता. पण गावाला कारण लागतं, आणि शालिग्राम आयता सापडला. बाईला बाकावर बसू दिलं हे मुकादम तरी कशाला सांगेल? त्या दिवसापासून वाशीमात कोणी त्याच्याकडे साधी चाळणी टाकली नाही. "तुह्या हातचा कंदील फुगंन ना गा," म्हणून लोक हसायचे. तो कापसाच्या बाजारात पोती उचलायला लागला. कोणी विचारलंच तर एवढंच म्हणे, "माहेच होते डबे. झालं."

कस्तुराबाईला हे कधीच पटलं नाही. दादाच्या हातचा डाग सुटला हे ती देवानं येऊन सांगितलं असतं तरी मानणार नव्हती. आणि खरं सांगायचं तर आपल्या हातचा सुटला हेही ती मानायला तयार नव्हती. बाई मोठी मानी. मग दोष कोणाचा? पत्र्याचा. पत्रा आला कुठून? तिथून तिनं धागा धरला, तो आजतागायत सोडला नव्हता.

तिला अक्षर येत नव्हतं, पण डबा वाचता यायचा. काही डब्यांच्या बुडावर चंद्रकोर उठवलेली होती. ते मुंबईच्या कारखान्यात तयार होऊन रेल्वेनं आलेले. काहींवर हत्ती होता, ते कलकत्त्याचे. आणि काहींच्या बुडावर काहीच नव्हतं, ते इथे वाशीमात वळलेले, फक्त त्यांचं झाकण कलकत्त्याहून यायचं. कोणता आधीचा, कोणता नंतरचा, हे ती घरोघरच्या बायांना विचारून लावी. "हा डबा घरात आला तवा कोन तान्हं होतं?" असा तिचा प्रश्न. कोणी म्हणे थोरलीचं बाळंतपण होतं, कोणी म्हणे टोळधाड आली ते साल. अशी बाळंतपणं आणि टोळधाडी जोडत जोडत तिनं कारखान्याचा पहिल्यापासूनचा सगळा इतिहास लावला होता. आधी चंद्रकोर, मग बोटी थांबल्या (की काय झालं कोण जाणे) तेव्हा हत्ती, आणि शेवटी वाशीमचं अंग आणि हत्तीचं झाकण. परत आलेली वॅगन या शेवटल्या डब्यांची होती.

नाल्यातले ते डबे लोकांनी धुऊन घरी नेले होते. त्यांतले हाती लागले तेवढे तिनं आणले, पाणी भरून अंगणात टांगले, आणि खाली राख पसरून ठेवली. राखेवर एक थेंब पडला नाही. म्हणजे अंगात खोट नव्हती, बुडात नव्हती. खोट असलीच तर झाकणात. हत्तीचं झाकणच वाईट, पातळ, चिरलेलं असणार! एक झाकण हाती लागलं की संपलं. पण झाकण कोण ठेवतो? डबा उघडायचा तर झाकण कापायचं आणि फेकायचं. अख्ख्या मुलखात डबे होते, आणि झाकण एक नव्हतं.

हे असंच चाललं असतं. पण त्या वर्षी बातमी आली की शेठचे पुतणे, ज्यांना सगळे छोटे शेठ म्हणत, ते दसऱ्याला जुनी शेड उघडणार आहेत. तेला-तुपाचे डबे करणार. मिस्त्री पाहिजे. कोणी तरी शालिग्रामचं नाव काढलं, तर तिथं बसलेल्यांत हशा पिकला. "तो? फुगल्या डब्याचा?" झालं, विषय संपला. शालिग्रामच्या कानावर गेलं तेव्हा तो त्या संध्याकाळी जेवला नाही. ते कस्तुराबाईनं पाहिलं.

"दसऱ्याच्या आंधी मले झाकन पाह्यजे," ती उकंडाला म्हणाली. "गाडी जुंपा."

पोळा नुकताच झाला होता, बैल ताजे होते. उकंडानं एकदा आभाळाकडे पाहिलं, एकदा बायकोकडे पाहिलं, आणि गाडी जुंपली.

वाटेतली गावं तिनं एक सोडलं नाही. शेवटी इंझोरीला नानाजींकडे पोचली. नानाजी म्हणजे बऱ्यापैकी शेती असलेला, बोलका, पिकल्या मिशांचा माणूस. त्यांच्या गोठ्यात बैलांना सरकी मोजून घालायला असाच एक डबा होता. कस्तुराबाईनं तो उलटा करून पाहिला. बूड कोरं. नाल्यातलाच.

"नानाजी, याचं झाकन कुठी टाकलं?"

"झाकन?" नानाजी हसले. "बाई, झाकन मले भेटलंच नाही. म्या कापूस घेऊन वाशीमले आलो होतो, तवा नाल्यातून उचलले. तवाच बिनझाकनाचे होते."

"फुटलेले?"

"फुटलेले कायचे? सफाईनं गोल कापलेले. मले वाटलं, साह्यबानं तपासाले कापले असतीन."

कस्तुराबाई डबा मांडीवर घेऊन तिथंच गोठ्याच्या उंबऱ्यावर बसली. इतकी वर्षं ती लोकांच्या उकिरड्यांत झाकणं शोधत होती, आणि ती कुणाच्या घरी पोचलीच नव्हती! डबे नाल्यात असतानाच कुणीतरी बसून झाकणं कापली होती. उघड्या डब्यातला आंबलेला रस कुणाला प्यायचा नव्हता. ज्यानं कापली त्याला झाकणंच हवी होती.

"त्या दिशी नाल्यावर कोन होतं, याद हाय का?"

"कोन राहीन? आमच्यासारखे फुकटे." नानाजींनी मिशीवरून हात फिरवला. "अन् हो, धनजकडच्या तांड्याच्या गाड्या होत्या. कारखान्यात संत्रे वाहाच्या, त्या. त्यायच्या बाया थैल्या भरून काई नेऊन राह्यल्या होत्या. खणखण आवाज येऊन राह्यला होता."

ती उठली, लुगडं झटकलं आणि गाडीत जाऊन बसली. उकंडानं बैलांची तोंडं घराकडे वळवली.

"तिकडं नाही. धनजले घ्या."

"अवं, घर इकडं हाय."

"घर कुठी पळून जाते?"

उकंडा बैल फिरवून मोकळा झाला. शहाणा माणूस.

धनजच्या अलीकडे माळावर तो तांडा होता. संत्र्यांच्या गाड्या हाकणारा हेमसिंग आता म्हातारा झाला होता. त्यानं उकंडाला ओळखलं नाही, पण बैल पाहून खूश झाला आणि दोघं बैलांच्या दातांवर बोलत झाडाखाली बसले. हेमसिंगची बायको रामीबाई पोळ्याच्या झुली धुऊन कुंपणावर वाळत घालत होती. घरात त्यांची बोली वेगळी, पण बाजारहाटामुळे वऱ्हाडी तिच्या तोंडात अशी बसली होती, की कुठं अडत नव्हती.

कस्तुराबाईला विचारावं लागलंच नाही. कुंपणावरच्या झुलीवर काचांच्या आणि कवड्यांच्या मध्ये ओळीनं झाकणं शिवलेली होती. घासून घासून चांदीसारखी केलेली.

ती धावलीच. पहिल्या झाकणावर बोट ठेवलं. हत्ती होता. हत्तीखाली सात होता. आणि साताखाली पाच ठिपके होते.

दुसरं पाहिलं. पाच ठिपके. तिसरं, चौथं, अख्खी ओळ. झूल उलटून पलीकडची बाजू पाहिली. नुसत्या साताचं, बिनठिपक्याचं झाकण एक नव्हतं. दादाचं एकही नव्हतं. पत्रा जाड होता, चांगला होता, कुठे चीर नव्हती. मुंबई नको, कलकत्ता नको. तिनं इतकी वर्षं ज्या हत्तीला शिव्या घातल्या, त्याचा काडीचा दोष नव्हता.

"तुले पाह्यजे का झूल?" रामीबाईनं मागून विचारलं. "इकाची नाही, पहिलेच सांगतो."

"बाई, हे झाकनं तुमी कापले का?"

"आमी कायले कापू? एक मानूस कापून राह्यला होता. नाल्यात एकटाच बसला होता. अंगात हीव भरलेलं, दात वाजून राह्यले, तरी कातर चालूच. मले म्हने, बाई, हे लय दूर घेऊन जाय. वाशीमात कोनाले दाखवू नोको. म्या म्हनलं, येडा हाय. पन पत्रा चांगला होता."

"कसा होता तो?" कस्तुराबाईनं विचारलं.

"दिसाले बरा होता. करंगळी आखूड होती एका हाताची."

माल नाल्यात उलटा केला त्या दिवशी शालिग्रामनं कस्तुराबाईला बजावलं होतं, नाल्याकडे जाऊ नको, तिथं मिलिटरीचा पोलीस उभा हाय. पोलीस कसला न् काय कसला. तो स्वतः बसला होता तिथं, तापानं फणफणत, बहिणीचे ठिपके कापून काढत. आपला नंबर त्यानं साहेबाच्या तोंडून ऐकला, ठिपके पाहिले, आणि कोणी ते ठिपके आणि बहिणीचं मनगट एका वेळी पाहायच्या आत पुरावा उचलून परमुलखात धाडला. आणि घरी येऊन म्हणाला, माहेच होते डबे.

तिला रडू फुटायला हवं होतं, पण आधी राग आला. स्वतःचाच. माझा डाग सुटला कसा?

"बाई, हे शिवाले भोकं कशानं पाडले?"

"पाडले कायले? भोक आयतंच होतं. वर एक थेंब होता, नखानं टिचकी मारली का उडे. लय सोपं काम." रामीबाई हसली. "अन् त्याच्याखाली कुंकू होतं. म्हून तर ठेवले. कुंकू लावलेलं कोन फेकते?"

"कुंकू?"

रामीबाईनं झुलीच्या कोपऱ्यातलं एक झाकण दाखवलं. त्याचा थेंब अजून चिकटलेला होता. तिनं नख लावलं, थेंब टपकन उडाला. खाली भोकाभोवती करपलेला, काळपट लाल डाग होता.

आता तिला सगळं आठवलं. विसरलेलं नव्हतंच, फक्त ते काम आहे असं तिनं कधी धरलंच नव्हतं. नवं भांडं घरात आलं की आधी त्याला कुंकवाचं बोट लावतात, हे का कोणी लक्षात ठेवतं? उकंडा तेव्हा बर्मात होता. महिनोन्‌महिने त्याची खबर नव्हती. हे डबे तिकडेच जाणार, कोणा ना कोणाच्या हाती पडणार, एखादा त्याच्याही हाती पडेल. थेंब टाकायच्या आधी ती आपल्या कपाळाला बोट लावी आणि तेच बोट झाकणाला टेकवी. पिणाऱ्याला सुखरूप ठेव. आणि तिचं कपाळ म्हणजे नुसतं कुंकू नव्हतं. त्या काळच्या बायांसारखं आधी मेण, मग मेणावर कुंकू. ते मेण तापल्या झाकणावर वितळून भोकात उतरायचं. वरून कथील पडे, गोल दिसे, छान दिसे, पण मेणावर कथील धरत नाही. कारखान्यात डबे पाण्यात बुडवून तपासत, तेव्हा मेणानंच भोक धरून ठेवलं, आणि वॅगन उन्हात तापली तेव्हा सोडून दिलं. बापानं पहिल्या दिवशी शिकवलेली गोष्ट, डागाच्या जागी तेल-मेण लागू द्यायचं नाही. तिला ती येत होती. पण कपाळाचं कुंकू हे तेल-मेणात मोडतं, हे तिच्या डोक्यात आलंच नाही. कोणत्या बाईच्या आलं असतं?

झाडाखाली उकंडा हेमसिंगच्या कसल्याशा बोलण्यावर मोठ्यानं हसला. तिनं वळून पाहिलं. धडधाकट, दोन हात दोन पाय शाबूत असलेला तिचा माणूस. तो परत आला तेव्हा तिनं मनात म्हटलं होतं, माझं बोट पावलं. आता ते बोट पावलं म्हणावं की त्यानं भावाला बुडवलं म्हणावं, हे तिला कळेना, आणि ती कुंपणाला टेकून भडभडून रडली. रामीबाईनं पाण्याचा तांब्या आणून दिला, आणि मग सुरीनं टाके तोडून एक झाकण, कुंकवाच्या डागाचं, तिच्या हातावर ठेवलं.

"झूल देत नाही. हे ने."

परतीच्या वाटेवर तिनं उकंडाला सगळं सांगितलं. त्यानं कासरा दुसऱ्या हातात घेतला. मग म्हणाला, "तिकडं जंगलात आमाले एकदा संत्र्याचा रस भेटला होता. डबा फुगेल होता. सगळे म्हनत, फेक. म्या फेकला." आणि बैलांना उगीचच टोचलं.

वाशीमात शिरताच ती घरी न जाता गाडीतून उतरली आणि थेट कापसाच्या बाजाराकडून शेडच्या रस्त्याला लागली. शालिग्राम पोतं पाठीवर घेऊन समोरून येत होता. तिच्या हातात काय आहे ते त्यानं लांबूनच ओळखलं असावं. त्यानं पोतं खाली टाकलं.

"कुठी भेटलं?"

"जिथं तुनं देल्लं तिथं."

"फेकून दे ते, कस्तुरे."

"नाही."

"अवं, लोक आता भुलले. कायले उकरून काढतं?"

"लोक भुलले? मंग तू पोते काहून उचलून राह्यला?"

ती चालायला लागली तसा तो मागोमाग आला, पोतं रस्त्यातच टाकून. "आयक, दादाचं आयक. तुनं मुद्दाम केलं का? नाही ना. म्या ते कुंकू पाह्यलं अन् नाल्यात बसूनच देवीले म्हनलं, इचा मानूस घरी येऊ दे, माहं मंग काही का होईना. तो आला. मले तेवढ्यात पुरलं."

कस्तुराबाई थांबली. तिचा राग, तिची लाज, सगळं एकदम डोळ्यांत आलं. या माणसाचे पाय धरावेत असं तिला वाटलं आणि त्याला चार शब्द सुनवावेत असंही वाटलं.

"तुले पुरलं असंन, दादा," ती म्हणाली. "मले नाही पुरलं."

शेडच्या दारात छोटे शेठ, त्यांचा कारकून आणि नेहमीची रिकामी मंडळी उभी होती. सुतार जुनी बाकं दुरुस्त करत होता. डबेवाली येताना दिसली तशी एकदोघं आधीच हसली. तिनं पदर खोचला, झाकण बाकावर ठेवलं, आणि बांगड्या वर सारून मनगट त्याच्या शेजारी ठेवलं.

"परत आलेल्या वॅगनचं हे झाकन हाय. हे ठिपके माहे. माह्या दादाले ताप राहे तवा सातव्या बाकावर मी बसत होती. फुगलेले सगळे डबे माह्या हातचे. त्याचा एकही नव्हता. म्या डागाच्या जागी कपाळाचं मेण-कुंकू लावलं, म्हून ते सुटले. त्यानं हे लपवलं, म्हून तुमी त्याले हसले."

मागून एकाला हसू आवरलं नाही. "डब्याले कुंकू! अबे, डब्याचं लगन लावलं काय?" आणि मंडळी खो खो हसली.

"हसा," कस्तुराबाई म्हणाली. "पोटभर हसा. पन आता माह्यावर हसा. त्याच्यावर नाही."

हसणं हळूहळू विरलं. छोट्या शेठनी झाकण उचलून उजेडात धरलं, बाईच्या मनगटाकडे पाहिलं, डागाच्या लालीवरून बोट फिरवलं. मग मागे उभ्या शालिग्रामकडे वळले.

"शालिग्राम, मिस्त्री म्हणून येता का?"

इतक्या वर्षांत त्याला कोणी 'येता का' म्हटलं नव्हतं. तो खांद्यावरची कापसाची धूळ झटकत राहिला. बहिणीनं त्याला कोपरानं ढोसलं.

"येतो," तो म्हणाला. "पन एक बाक माह्या बहिणीले द्या लागंन."

कारकुनानं डोळे विस्फारले. "जिनं अख्खी वॅगन फुगवली, तिले?"

"तिलेच. डागाच्या जागी काय लागू द्याचं नाही, हे तिच्याइतकं आता या गावात कोनाले ठावं हाय?" शालिग्राम म्हणाला. "अन् आता कुंकू लावाची गरजच काय? तिचा मानूस घरी हाय."

छोट्या शेठनी ते झाकण परत बाकावर ठेवलं, सुताराला हाक मारली आणि आणखी एक बाक पुसून ठेवायला सांगितलं.